मोहबिंदू

धोंडीराम सुतार चाचणी केंद्राच्या काचेच्या दारातून आत आले, तेव्हा राजनंदिनीला वाटलं, आपण घरी डबा विसरलो, तोच द्यायला अण्णा आलेत. तिने हातसुद्धा पुढे केला. पण अण्णांच्या हातात डबा नव्हता, आधार कार्ड होतं. आणि अंगात दिवाळीत घेतलेला शर्ट.

"तू तुझं काम कर," ते म्हणाले. "मी पलीकडच्या रांगेत बसतो. फिरदोस करंल माझं."

राजनंदिनी बघतच राहिली. मिरज तसं दोन गोष्टींचं गाव, दवाखान्यांचं आणि तंबोऱ्यांचं. बाप तंबोऱ्यातला आणि लेक दवाखान्यातली, अशी सुतारांच्या घरात सरळ वाटणी होती. बाप सतारमेकर गल्लीतल्या आपल्या दुकानात भोपळे कोरायचा, लेक इथं येणाऱ्या माणसांच्या कपाळाला पट्टे बांधायची. एकानं दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचं नाही, असं न बोलता ठरलेलं होतं. आज अण्णांनी नाक नव्हे, आख्खं डोकंच पुढे केलं होतं.

ज्या पट्ट्यासाठी डोकं पुढे करायचं त्याचं सरकारी नाव मोहमापक.

औषधाची चाचणी स्वतःच्या अंगावर करून घेणाऱ्या माणसाला पैसे द्यावेत का, आणि द्यायचे तर किती, हा प्रश्न फार जुना. कमी द्यावेत तर ती पिळवणूक. जास्त द्यावेत तर ती लालूच. माणूस नोटांकडे बघत बघत धोक्याकडे डोळेझाक करणार. या प्रश्नावर कित्येक समित्या बसल्या, चहा प्याल्या आणि उठल्या. शेवटी मोहमापक आला, आणि ठरवायचं काम यंत्राकडे गेलं म्हणून सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

मेंदूत विजेची जी बारीक हालचाल चाललेली असते, तिच्यामुळे डोक्याभोवती अगदी क्षीण असं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. पट्ट्यातले संवेदक ते टिपतात. त्यांची नजर मेंदूतल्या दोन जागांवर असते. एक जागा, बक्षीस दिसलं की उजळणारी. दुसरी, कानशिलाच्या आत खोलवर दडलेली. ती शरीराच्या आतली चाहूल घेत असते. छातीत धडधडलं, पोटात गोळा आला, हे सगळ्यात आधी तिला कळतं, आणि धोक्याची जाणीव उमटते ती तिथूनच. समोरच्या पडद्यावर औषधाचे धोके सांगत जायचे आणि मोबदल्याचा आकडा वाढवत न्यायचा. जोवर दुसरी जागा जागी आहे तोवर पडद्यावरची रेघ निळी. एका आकड्याला ती जागा मंदावते, रेघ तांबडी होते. तो त्या माणसाचा मोहबिंदू. त्याच्या वर त्याला एक पैसाही देता येत नाही.

कायदा करणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती. पण झालं असं, की ज्याचं पोट भरलेलं त्याला मोह उशिरा होतो, आणि ज्याच्या घरातला गॅस संपलाय त्याला लगेच. खानावळीत पोळ्या लाटणारी शालनबाई आणि परदेशातून परतलेला एक इंजिनिअर शेजारशेजारच्या खाटांवर झोपून एकाच बाटलीतलं औषध टोचून घेत, आणि इंजिनिअरला तिच्या कितीतरी पट मोबदला मिळे. "माझं रगत पातळ हाय का गं त्याच्यापरास?" असं शालनबाईनं एकदा राजनंदिनीला विचारलं होतं. राजनंदिनीनं पट्ट्याचा चाप लावायचं निमित्त करून मान खाली घातली होती.

आता तिचा बाप त्याच पट्ट्याखाली बसला होता. नियमाप्रमाणे तिनं नातं जाहीर केलं आणि नियमाप्रमाणे ती काचेच्या अलीकडे थांबली. फिरदोस मुजावर, तिची सहकारी आणि शाळेपासूनची मैत्रीण, पडद्यासमोर बसली.

औषध क्षयाचं होतं. क्षयाचे जंतू जुन्या औषधांना भीक घालेनासे झाले होते, आणि हे नवं औषध निरोगी माणसांना किती मात्रेपर्यंत सोसतं ते बघायचं होतं. चार टप्पे, प्रत्येक टप्प्यात मात्रा वाढणार. पडद्यावर धोके येऊ लागले. मळमळ. मूत्रपिंडावर ताण. क्वचित कानावर परिणाम, तो कायमचा असू शकतो.

रेघ निळी. आकडा वाढला. निळी. आणखी वाढला. निळीच. फिरदोसनं आकडा परवानगी असलेल्या कमाल रकमेपर्यंत नेला तरी रेघ हलली नाही.

"नंदे," ती मागे वळून म्हणाली, "तुझे अण्णा साधू झाले की काय गं?"

राजनंदिनी हसली, पण तिला ते पटेना. अण्णा आणि साधू! आदल्याच संध्याकाळी तिनं त्यांना बशीरभाईंच्या बंद कारखान्यात बघितलं होतं. अण्णा ज्यांच्या हाताखाली शिकले ते बशीरभाई आता हयात नव्हते, आणि त्यांची मुलं कारखाना मोकळा करत होती. माळ्यावर तंबोऱ्याला लागणाऱ्या तुणीच्या लाकडाच्या फळ्या होत्या, बशीरभाईंच्याही वडिलांनी रचून ठेवलेल्या. इतकं मुरलेलं लाकूड आता पैसे देऊनही कुठं मिळत नाही. अण्णांनी एका फळीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं आणि कान लावून असे ऐकत राहिले, की राजनंदिनीला बघायला लाज वाटली. एका हॉटेलवाल्याला त्याच फळ्यांची टेबलं करायची होती. बशीरभाईंच्या मुलांनी अण्णांसाठी सौदा थांबवून धरला होता, पण तो किती दिवस थांबवणार?

या माणसाला मोह नाही?

तिनं काचेतून नीट पाहिलं. अण्णांचे डोळे मिटलेले नव्हते, पण ते पडद्याकडेही नव्हते. उजव्या हाताची बोटं मांडीवर हलत होती. मधलं बोट एकदा, तर्जनी तीनदा. पुन्हा मधलं एकदा, तर्जनी तीनदा. पंचम, षड्ज, षड्ज, खर्ज.

अण्णा तंबोरा छेडत होते.

मग तिला सगळं उमगलं. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर हाडाची एक घोडी असते, तारा तिच्यावरून जातात. त्या घोडीचा माथा कानशीनं केसभर घासत घासत असा उतरता करायचा, की तार तिला पुरती टेकतही नाही आणि सुटतही नाही. मग एका सुरातून शंभर बारीक सूर फुटतात. तिला म्हणतात जवारी. जवारी डोळ्यांनी दिसत नाही आणि यंत्रानं मोजून लागत नाही. कारागीर श्वास रोखून, स्वतःच्या छातीचे ठोकेसुद्धा बाजूला सारून ऐकतो. अण्णांनी उभा जन्म हेच केलं होतं. आत कान लावायचा म्हणजे कानशिलामागची तीच जागा जागी ठेवायची. यंत्राला वाटलं, माणूस धोका ओळखून सावध बसलाय. माणूस तर मनातली जवारी ऐकत होता.

अण्णांनी ते यंत्राला फसवायला केलं असंही नव्हतं. घाबरले की ते असंच करायचे. आजीला नेलं तेव्हाही स्मशानात त्यांची बोटं अशीच चालली होती.

आता एक वाक्य बोलायचं होतं. "फिरदोस, ही मोजणी धरू नकोस." एवढंच. राजनंदिनी बोलली नाही. कानाचा धोका क्वचित, असं पडद्यावर स्पष्ट लिहिलं होतं. आणि खरं सांगायचं तर तिला आतून आनंद झाला होता. आपल्या गल्लीतल्या एका माणसाला तरी त्या इंजिनिअरइतका भाव मिळाला, असा तो आनंद होता.

पहिला टप्पा अलगद पार पडला. दुसराही. अण्णा सकाळी जाऊन टोचून येत, एक दिवस तिथल्या खाटेवर काढत आणि घरी येऊन तिथल्या जेवणाला नावं ठेवत. दर आठवड्याला कान तपासले जात. डोक्याला हेडफोन, हातात बटण, आवाज आला की दाबायचं. अहवाल दर वेळी एकच, श्रवण उत्तम.

"बघ," ते राजनंदिनीच्या आईला म्हणाले, "सरकारी शिक्का बसला माझ्या कानावर."

"त्यापेक्षा मी हाक मारल्यावर ओ द्या, म्हंजे झालं," आई म्हणाली. सगळे हसले. राजनंदिनीही हसली. पण आई खरंच दोनदा हाक मारते हल्ली, हे तिच्या लक्षात आलं होतं. मग तिनंच स्वतःची समजूत घातली, की नवरे तसेही दुसऱ्या हाकेलाच ऐकतात.

तिसऱ्या टप्प्यानंतर धारवाडहून कमलाक्षीताईंचा तंबोरा परत आला.

कमलाक्षीताई मोठ्या गायिका आणि जुन्या गिऱ्हाईक. अण्णांनी जवारी लावलेला तंबोरा त्यांच्याकडून परत येणं हे घडलेलंच नव्हतं. सोबत त्यांचा फोन आला, तो राजनंदिनीनं घेतला.

"बाळ, अण्णांना सांग, रागावू नका म्हणावं. पण जवारी फारच उघडलीय यावेळी. गळ्याशी भांडतोय तंबोरा. काचेवर खिळा ओढावा तसं होतंय."

अण्णा दुकानात नव्हते. राजनंदिनीनं गवसणी काढली, तंबोरा मांडीवर घेतला आणि तार छेडली. तिनं लहानपणी चार वर्षं गाणं शिकून सोडून दिलं होतं, पण तेवढा कान तिला होता. सूर उमटला आणि तिनं झटकन तारेवर हात ठेवून तो दाबला. आवाज कर्कश होता. घोडी गरजेपेक्षा जास्त घासली गेली होती. हा हात अण्णांचा नव्हता, आणि अण्णांशिवाय या घोडीला कुणी हात लावत नव्हतं.

मग तिला भीती वाटली.

डॉक्टर कुलभूषण मगदूम केंद्राचे प्रमुख होते. हुशार आणि सरळ माणूस, औषधावर मनापासून विश्वास असलेला. त्यांच्या सख्ख्या काकांना त्याच हट्टी क्षयानं नेलं होतं. राजनंदिनीनं त्यांना तंबोऱ्याची गोष्ट सांगितली तेव्हा ते हसले नाहीत. उलट खुर्चीत सावरून बसले.

"कानात शंखासारखी एक नळी असते," ते म्हणाले. "तिच्या तोंडाशी ज्या पेशी असतात त्या सगळ्यात उंच सूर ऐकतात. या जातीची औषधं बिघडवायला लागली तर सुरुवात तिथूनच करतात. आणि आपली तपासणी बोलणं ऐकायला लागतात तेवढ्याच सुरांची आहे. त्याच्या वरचं आपण तपासतच नाही."

"जवारी त्याच्या वरच असते, सर."

"असणार. त्यांना ते बारीक सूर ऐकू येत नाहीत, म्हणून ते येईपर्यंत घासत राहिले असतील." डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पण तंबोरा परत आला हे कारण मला नोंदवता येत नाही, नंदिनी. मागे आपण काही जणांना संशयावरून चाचणीतून काढलं, तर ते कोर्टात गेले. आमचे पैसे बुडवायला काढलं म्हणाले. तेव्हापासून नियम आहे. तपासणीत दोष दिसला पाहिजे, नाहीतर माणसानं स्वतःच्या तोंडानं त्रास सांगितला पाहिजे. त्यांनी एक शब्द बोलावा, मी त्याच क्षणी थांबवतो. शिवाय त्यांचा मोहमापक बघ की. इतका स्वच्छ आलेख मी पाहिला नाही. यंत्राच्या मते तुझे वडील अगदी मोकळ्या मनानं आलेत."

ते यंत्र चुकलंय, असं सांगायचा हाच क्षण होता. राजनंदिनीच्या ओठांवर शब्द आले. पण त्यासोबत पहिल्या दिवशीचं तिचं गप्प बसणंही आलं असतं, आणि तिची नोकरी गेली असती. घरी महिन्याचा भरवशाचा पगार तिचाच होता. "बघते मी," एवढं म्हणून ती उठली, आणि बाहेर आल्यावर तिला स्वतःची किळस आली.

मार्गिकेत तिसऱ्या टप्प्यातली बाकीची माणसं चहा घेत बसली होती. त्यांतल्या कुणाला काय काय ऐकू येईनासं झालं असेल, कुणास ठाऊक. त्यांचा कुठलाच तंबोरा परत येणार नव्हता.

त्या दिवशी ती थेट दुकानात गेली. अण्णा भोपळ्याच्या कडेवर कानस चालवत होते.

"कमलाक्षीताईंचा तंबोरा बघितलात?"

"बघितला. बाईंचं वय झालं. कान बदलतो माणसाचा."

"मीपण वाजवून बघितला, अण्णा. कर्कश आहे."

"तू?" अण्णांनी कानस खाली ठेवली. "सारेगमच्या पुढं गेलीस कवा?"

"अण्णा, कुणाचा कान बदललाय ते तुम्हाला ठाऊक आहे."

बाहेरून उसाचा ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज विरेपर्यंत अण्णा त्याच्याकडे बघत होते.

"एकच टोचणं राहिलंय," मग ते म्हणाले. "निम्म्याच्या वर पैसा शेवटालाच देत्यात, तुला ठावं हाय. त्याबिगर फळ्या हुत न्हाईत. बशीरभाईंची पोरं परवापातुर थांबत्यात. पुढं हॉटेलवाला हाय."

"आणि कान गेला तर त्या फळ्या काय जाळायच्या?"

"न्हाई जात. तपासणीत सगळं बरोबर हाय."

"तपासणीत ते सूरच नाहीत! शेवटची मात्रा सगळ्यात मोठी आहे. तुम्ही डॉक्टरांना सांगा, की मला त्रास होतोय. बस, एवढंच."

"मला त्रास न्हाई."

"अण्णा..."

"नंदे, ऐक." आता त्यांचा आवाज चढला. "गवंडी चौथ्या मजल्यावर माचीवर उभा ऱ्हातो, त्येच्या कपाळाला कोण पट्टा बांधतं? कोयता घेऊन पोरंबाळं उसात जात्यात, त्यांना कोण इचारतं, की बाबा तुला मोह तर झाला न्हाई न्हवं? आम्ही पैशापायी अंग झिजवलं तर ते काम. आणि हितं मी माझ्या मर्जीनं दंड पुढं केला तर माझी अक्कल तपासणार! मला काय कळत न्हाई व्हय? मला ते लाकूड पायजे. जन्मात दुसरं काय मागितलं मी?"

अण्णांचं खरं होतं. त्यांनी खरंच दुसरं काही मागितलं नव्हतं. तिच्या शिक्षणाला दुकानाची पुढची बाजू विकली तेव्हाही नाही. आणि तरीही तिला ओरडून सांगावंसं वाटत होतं, की अण्णा, ज्या कानाच्या भरवशावर ते लाकूड घ्यायला निघालात तोच कान किंमत म्हणून देऊन बसणार आहात.

"तुमची मर्जी," ती म्हणाली आणि निघाली. दारात तिनं मागे बघितलं. अण्णांनी कमलाक्षीताईंचा तंबोरा जवळ ओढला होता. तार छेडून ते भोपळ्याला कान लावत होते, मग दुसरा कान लावत होते.

शेवटच्या टप्प्याच्या दिवशी राजनंदिनीनं रजा टाकली. अण्णांच्या आधीच ती केंद्रावर पोचली. प्रत्येक टप्प्याआधी पट्टा पुन्हा बांधला जाई आणि त्या वेळी एका नातेवाइकाला शेजारी बसता येई. तिच्या खांद्यावर खारव्याच्या जाड कापडाची लांबलचक गवसणी होती.

"ताई, आज मैफल हाय जणू?" दारावरच्या रखवालदारानं विचारलं.

"हो," ती म्हणाली, पण तिला हसू आलं नाही.

गवसणीत घरातला तंबोरा होता. राजनंदिनी जन्मली त्या वर्षी अण्णांनी तो बशीरभाईंनी दिलेल्या तुणीच्या एका फळीतून केला होता. कितीतरी गवयांनी तो मागितला, अण्णांनी दिला नाही. बशीरभाईंनी त्याची जवारी ऐकून, आता तुला शिकवायचं माझ्याजवळ काही उरलं नाही, असं म्हटलं होतं. त्यानंतर त्या घोडीला कानस लागली नव्हती. वर्षातून एकदा, दसऱ्याला, तो उतरवून पुसायचा, सुरात लावायचा आणि परत टांगायचा, एवढंच.

अण्णा आले. लेकीला बघून थबकले. तिच्या मांडीवरची गवसणी बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली, पण फिरदोससमोर काही न बोलता ते खुर्चीत बसले. पट्टा बांधला गेला. पडद्यावर धोके आले, आकडा आला. रेघ निळी. मांडीवर बोटं चालू झाली. मधलं एकदा, तर्जनी तीनदा.

डॉक्टर मगदूम आत आले. "काही त्रास, सुतारमामा?"

"काय न्हाई."

"ऐकण्यात काही फरक?"

"न्हाई, डॉक्टर. झ्याक हाय सगळं."

डॉक्टरांनी राजनंदिनीकडे एकदा बघितलं आणि परिचारिकेला खूण केली. सुई भरलेली होती.

राजनंदिनीनं गवसणीची गाठ सोडली, तंबोरा बाहेर काढला आणि उभा धरला. तारा तिनं सकाळीच लावल्या होत्या.

"अण्णा, एक मिनिट," ती म्हणाली. "हा जरा ऐका."

तिनं चारही तारांवरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

सूर उठला आणि खोलीभर पसरला. भिंतींना पांढऱ्या फरशा बसवलेली ती खोली क्षणात भरून गेली. एकेका तारेतून सुरांचे बारीक तुषार उडत होते आणि खाली न बसता वरच तरंगत होते.

अण्णांची बोटं थांबली. त्यांची मान एका बाजूला कलली. भुवया जवळ आल्या. मग त्यांचा चेहरा संतापानं लाल झाला.

"कुणी हात लावला हिला?" ते ओरडले. "कुणी घोडी घासली? नंदे, कुणाला दिला हुतास हा? मेलेली हाय ही जवारी! पार बंद केलीया!"

"कुणाला नाही दिला, अण्णा."

"खोटं बोलू नगंस! आण हिकडं!"

त्यांनी तंबोरा ओढून मांडीवर घेतला. घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा एक धागा असतो, कारागीर त्याला जीव म्हणतात. तो केसभर पुढेमागे सरकवला की जवारी खुलते. अण्णांनी जीव सरकवला आणि तार छेडली. पुन्हा सरकवला, पुन्हा छेडली. त्यांची बोटं घाईघाईनं चालत होती आणि कपाळावरून घाम पट्ट्याखाली उतरत होता. आणखी एकदा छेडून त्यांनी वर बघितलं, काहीतरी विचारायला.

समोर फिरदोस पडदा विसरून बसली होती, तिचं तोंड किंचित उघडं होतं. परिचारिका सुई धरलेल्या हातानिशी तशीच उभी होती. गाण्यातलं ओ की ठो न कळणारे डॉक्टर डोळे मिटून थांबले होते. सगळे काहीतरी ऐकत होते.

अण्णांनी एकेकाचा चेहरा पाहिला. मग लेकीचा पाहिला. ती रडत होती.

त्यांनी जीव परत हळूच पूर्वीच्या जागी नेऊन ठेवला. ती जागा त्यांच्या बोटांना पाठ होती. बोटं पुन्हा मांडीवर चालू झाली नाहीत.

"लिहा, डॉक्टर," शेवटी ते म्हणाले. "त्रास हाय. कानात रातकिडा बसलाय, दुसऱ्या टोचण्यापास्नं. लई झालं. मला न्हाई घ्यायचं शेवटचं."

पडद्यावरून सूचनेचा आवाज आला. फिरदोस दचकून वळली. रेघ तांबडी झाली होती, अगदी वरपासून खालपर्यंत, आणि तिच्याखाली यंत्रानं आपलं मत दिलं होतं: सहभागी व्यक्ती भावनेच्या दबावाखाली आहे, हा निर्णय मोकळ्या मनाचा नाही, ग्राह्य धरू नये.

"सर," फिरदोस हलक्या आवाजात म्हणाली, "यंत्र नाही म्हणतंय. नकार नोंदवून घेईना."

"सर," राजनंदिनी म्हणाली. "हे यंत्र पहिल्या दिवशीही चुकलं होतं. मला तेव्हाच कळलं होतं. मी सांगितलं नाही. आणि बाहेर बसलेत त्यांनाही विचारायला हवं, सगळ्यांना, आजच."

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं. त्या बघण्यात पुढचं सगळं होतं, चौकशी होती, तिची नोकरी होती, कदाचित औषधाचं भवितव्यही होतं. त्यांनी परिचारिकेच्या हातातली सुई घेऊन ट्रेमध्ये ठेवली, पुढे झाले आणि अण्णांच्या कपाळावरचा पट्टा स्वतःच्या हातानं सोडला. मग ते दार उघडून बाहेर मार्गिकेत गेले.

अण्णांच्या कपाळावर पट्ट्याचा वळ उठला होता. फळ्यांचं काय, हॉटेलवाल्याचं काय, असं ते काहीच म्हणाले नाहीत. तंबोरा त्यांनी छातीशी धरला होता. त्यांनी एकदाच, हलक्या हातानं, षड्जाची तार छेडली.

"नंदे," थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "अजून वाजतोय का?"

राजनंदिनी खाली बसली आणि तिनं भोपळ्याला कान लावला.

"वाजतोय, अण्णा."

"थांबला की सांग मला," ते म्हणाले.